टॉप लोड मशीनमध्ये चादरी पिवळ्या पडतात. सासूबाई म्हणतात यंत्र धूतच नाही

मागीलदार (गुहागर तालुका), ९ एप्रिल

नमस्कार मंडळी. प्रश्न धुण्याचा आहे, हसू नका.

आमचं घर गुहागरहून वेळणेश्वराकडे जाताना रस्ता सोडून आत. आगरात नारळ-सुपारी, वर डोंगरात थोडी कलमं, आणि दोन खोल्या पाहुण्यांना देतो. २०२२ च्या दिवाळीआधी साडेसात किलोचं फुल्ली ऑटोमॅटिक टॉप लोड घेतलं. त्याआधी धुणं म्हणजे मागीलदारी न्हाणीपाशी दगड आणि जांभ्याची डोण. चादरी-गोधड्यांचं मोठं धुणं पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर. माझी पाठ गेली म्हणून मशीन आलं, हौस म्हणून नाही.

तर झालंय असं की पाहुण्यांसाठी घेतलेल्या आठ पांढऱ्या चादरी आता पांढऱ्या राहिलेल्या नाहीत. डाग म्हणावा तर डाग नाही, सगळीकडून सारखा पिवळट, चहाची गाळणी धुतल्यावर राहतो तसा रंग. मागच्या महिन्यात पुण्याच्या एका पाहुणीने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "काकू, चादर बदललीत ना?" मेल्याहून मेल्यासारखं झालं. सकाळीच घातली होती, उन्हात वाळवून.

ह्यांच्या पंचांचं तेच. शिवाय ह्यांच्या आगरातल्या लेंग्यांचे गुडघे आणि शर्टांच्या कॉलरी निघतच नाहीत. पावडर वाढवली, फरक नाही. शेवटी ब्लीचिंगचं पाणी करून चादरी भिजवल्या, तर त्या आणखी पिवळ्या झाल्या! हे कसं, ते कुणी सांगाल का?

सासूबाई ८४ वर्षांच्या आहेत. पहिल्या दिवशी खुर्ची घेऊन झाकणाच्या काचेतून पाऊण तास आत बघत बसल्या होत्या. मग म्हणाल्या, "अगो, हे धुतंय कुठे? हे ताक घुसळतंय." तेव्हापासून प्रत्येक धुणं वाळत घालताना त्या येतात, कॉलर उलटी करून बघतात, नाकाशी नेतात, आणि काही न बोलता परत जातात. बोलल्या असत्या तर बरं.

आता मला खरं सांगा. ही हल्लीची मशीनं खरंच धुतात का? की आमचंच काही चुकतंय?

कट्टेकरी (डोंबिवली), ९ एप्रिल

टॉप लोडचं हेच होणार. फ्रंट लोड घ्या, विषय संपला.

मागीलदार, ९ एप्रिल

कट्टेकरी, आमच्याकडे पावसात दिवसाला चार वेळा लाइट जाते. शेजारच्या वाडीत एकांनी फ्रंट लोड घेतलं आहे. धुणं आत, दार कुलूपबंद, आणि बाहेर त्यांची सून हातात छत्री घेऊन एसटीची वेळ बघतेय, असं मी डोळ्यांनी पाहिलं आहे. गणवेश आत होता नातवाचा. माझं निदान झाकण उघडून हात घालता येतो.

पाना_पक्कड (देवगड), १० एप्रिल

वहिनी, मी रिपेअरिंग करतो, बावीस वर्षं झाली. फ्रंट लोड धुण्याला सरस आहे यात वाद नाही, कपडा वर नेऊन आपटतं, आत हीटर असतो. पण तुमचं टॉप लोड वाईट आहे असं लगेच म्हणणार नाही. आधी मला सांगा, कपडे किती भरता? साडेसात किलो म्हणजे कोरड्या सुती कपड्यांचं वजन, आणि तेसुद्धा काठोकाठ. आमच्या सगळ्या वहिन्या ड्रम दाबून भरतात. जुन्या मशीनला मधे उभा खांब असायचा, तो कपडे ओढून खाली न्यायचा. हल्लीच्यांना तळाला नुसती चकती, पल्सेटर. ती पाणी फिरवते, पाण्याबरोबर कपडे फिरतात, एकमेकांवर घासतात. धुणं होतं ते त्या घासण्याने. दाबून भरलंत तर वरचे कपडे वरच राहतात, न्हाऊन येतात फक्त. ड्रमचा वरचा एक वीतभर भाग मोकळा सोडा.

दुसरं, भिजवलेले कपडे घालता का? मशीन सुरुवातीला कोरड्या कपड्यांवर चकती दोन-चार वेळा हलवून बघतं, किती जड जातंय त्यावरून पाणी ठरवतं. ओला पिळा घातलात की तो अंदाज बिघडतो. भिजवूनच घालायचे असतील तर पाण्याची पातळी हाताने निवडा, ऑटोवर ठेवू नका.

तिसरं, टाकी किती उंच आहे? बहुतेक मशीनांच्या पुस्तकात ०.३ बार प्रेशर लिहिलेलं असतं, म्हणजे नळापासून टाकी साधारण तीन मीटर वर हवी. आपल्या कौलारू घरांत टाकी पडवीच्या स्लॅबवर असते, पाणी करंगळीएवढं येतं. आणि मशीनला पाइप जिथे जोडतो तिथे आत बोटाच्या पेराएवढी जाळी असते, ती काढून बघा काय दिसतंय. फोटो नसला तरी चालेल, रंग सांगा.

काजूची_बी (वेंगुर्ला), १० एप्रिल

ताई, कॉलरीचं मी सांगते. मशीन कुठलंही असू दे, कॉलर आणि गुडघा हातानेच. वडीचा साबण ओल्या कॉलरीला लावायचा, वीस मिनिटं तशीच ठेवायची, ब्रश मारायचा, मग मशीनमध्ये. लाल माती कोरडी होऊ द्यायची, झटकायची, मगच पाण्यात घालायची. ओल्या मातीवर साबण चोळलात की ती धाग्यात जाऊन बसते.

आणि आता सीझन आहे म्हणून सांगते, काजू काढायला जाल त्या कपड्यांची आशा सोडा. बोंडूचा रस असो की बियांचं तेल, तो डाग मेल्यावरच जाणार. मी त्यासाठी दोन गाऊन वेगळे ठेवलेत, ते मशीनला दाखवतसुद्धा नाही. फणसाचा चीक मात्र खोबरेल तेलाने सुटतो, धुण्याआधी चोळायचं. माशांचं रक्त लागलं तर गार पाणी, गरम लावलं की चिकटलंच.

सासूबाईंना नमस्कार सांगा. माझ्या सासूबाई काच बघायला बसल्या नाहीत, त्यांनी सरळ मशीनवर तांदळाचा डबा ठेवला होता, दोन महिने.

निवृत्त_मास्तर (रत्नागिरी), ११ एप्रिल

रसायनशास्त्र शिकवलं आयुष्यभर, म्हणून थोडं लांबण लावतो.

धुणं चार गोष्टींनी होतं: साबणाचं रसायन, घासणं, उष्णता आणि वेळ. सिनर नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञाने १९५९ मध्ये हे वर्तुळ काढून दाखवलं. एक वाटा कमी केलात तर दुसरा वाढवावा लागतो. दगडावर घासणं जबर होतं, म्हणून साध्या साबणात भागायचं. मशीनमध्ये घासणं सौम्य, टॉप लोडला बहुधा हीटर नाही, मग उरलं रसायन आणि वेळ. लोक रसायन वाढवतात, म्हणजे पावडर दुप्पट ओततात. त्याने फेस वाढतो, कपडे फेसावर तरंगतात, घासणं आणखी कमी होतं, आणि खळबळून साबण निघतही नाही. वाढवायचा तो वेळ. चांगल्या पावडरीत एन्झाइम असतात, घाम, तेल, डाळ-भात फोडणारे. त्यांना काम करायला अवधी लागतो. भिजवण्याचा प्रोग्राम असेल तर अर्धा तास लावा. आपलं कोकणातलं पाणी या दिवसांत मुळातच कोमट असतं, तो फायदा दिल्लीकराला हिवाळ्यात नाही. आणि त्यात ब्लीच मिसळू नका, एन्झाइम मरतात.

पण तुमचा पिवळा रंग मला मळाचा वाटत नाही. ब्लीचने पिवळेपणा वाढला, हे वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात, मला तेच महत्त्वाचं वाटतं. मळ ब्लीचने उतरला असता. ब्लीचने वाढतो तो लोखंडाचा रंग. पाण्यात विरघळलेलं लोखंड दिसत नाही, पाणी निवळशंख असतं. त्याला हवा, सोडा किंवा ब्लीच भेटलं की त्याचा गंज होतो आणि तो धाग्यावर बसतो. लिटरला ०.३ मिलिग्रॅमच्या वर लोखंड गेलं की धुण्यावर दिसायला लागतं.

म्हणून एकच विचारतो: पाणी कुठलं? आणि ते मशीनच्या आधीपासून तेच आहे का?

मागीलदार, ११ एप्रिल

मास्तर, तुमचा प्रश्न वाचला आणि मी हातातली पोळी तव्यावर विसरले.

२०२२ च्या मे महिन्यात विहीर तळाला गेली म्हणून बोअर मारली. दिवाळीत मशीन आलं. पऱ्यावर जाणं तेव्हाच बंद झालं. म्हणजे पाणी आणि मशीन एकाच वर्षी बदललं, आणि गेली सगळी वर्षं आम्ही सगळे, आईंसकट (म्हणजे सासूबाई), शिव्या मशीनलाच घालतोय.

पाना_पक्कड, जाळी काढली. रंग विचारलात ना? तुळशीवृंदावनाला गेरू लावतो ना, अगदी तो. बोटाला लागला तो साबणाने गेला नाही. आणि हो, टाकी पडवीवरच आहे. आणि हो, मी दाबून भरते.

निवृत्त_मास्तर, ११ एप्रिल

गेरूसुद्धा लोखंडाचाच ऑक्साइड. तुम्ही बरोबर ओळखलंत.

तरी अंदाजावर जाऊ नका. रात्री काचेच्या बरणीत बोअरचं ताजं पाणी भरून ठेवा, सकाळी तळ बघा. आणि दोन्ही गोष्टी एकदम बदलल्यात म्हणून दोन्ही सुट्या करून बघा: विहिरीचं पाणी मशीनमध्ये, बोअरचं पाणी दगडावर.

मागीलदार, २७ एप्रिल

उशीर झाला, आंब्याच्या पेट्या चालू आहेत. पण मास्तरांनी सांगितलं ते सगळं केलं.

बरणी आधी. लोणच्याची रिकामी बरणी, रात्री नऊला भरली. पाणी इतकं स्वच्छ की पलीकडचं कॅलेंडर वाचता येत होतं. सकाळी सहाला तेच पाणी ढगाळ, आणि दुपारपर्यंत तळाला बोटाच्या नखाएवढा जाड विटकरी थर. विहिरीच्या पाण्याची बरणी शेजारी ठेवली होती, त्यात एक मुंगी सोडून काही नाही.

मग धोतराचं जुनं पान फाडून चार सारखे तुकडे केले. प्रत्येकावर तीन ठिकाणी खुणा: आगरातली माती पाण्यात कालवून, आमटीचा चमचा, आणि खोबरेल तेलाचं बोट. कोपऱ्याला दोऱ्याच्या गाठी मारल्या, एक ते चार. एक, बोअर आणि मशीन. दोन, विहीर आणि मशीन (पाणी कळशीने ओतलं, ह्यांनी, त्यांचं मत तुम्हाला सांगत नाही). तीन, बोअर आणि दगड. चार, विहीर आणि दगड. दोन-दोन दिवसांनी प्रत्येक तुकडा पाच वेळा धुतला. पावडर चौघांना तीच, मशीनमध्ये इतर कपडे बेताने, वीतभर जागा सोडून, अर्धा तास भिजवून.

परीक्षक आई. त्यांना गाठींचा अर्थ सांगितला नव्हता. ओटीवर उजेडात चार तुकडे मांडले. त्यांनी चष्मा पुसला, एकेक हातात घेतला, अंगठ्याने चोळला, उजेडाकडे धरला. पहिल्या झटक्यात दोन वेगळे काढले: "हे दोन कळकटलेत." एक आणि तीन. म्हणजे बोअर! एक मशीनमधला होता, दुसरा मी स्वतः दगडावर बडवलेला. मी सांगितलं तेव्हा त्यांनी पुन्हा दोन्ही उचलून पाहिले. मग म्हणाल्या, "मग पऱ्याचं पाणी चांगलं होतं म्हणायचं. आम्हांला वाटायचं हात चांगला."

आता उरलेले दोन, खरी परीक्षा यांची. तेलाचं बोट दोन्हींवरून गेलं, तिथे यंत्र आणि मी बरोबरीत. आमटीची हळद साबण लागताच लाल झाली आणि उन्हात दोन दिवसांत सगळ्यांवरूनच उडाली, त्याचं श्रेय कोकणातल्या सूर्याला. मातीत मात्र मशीन हरलं. दोन नंबरवर फिकट लाल गोल दिसत होता, चारवर नाही. पण चारची कड विरली होती, पाच धुण्यांत. हेही लिहायला हवं.

म्हणजे माझ्या प्रश्नाचं माझंच उत्तर असं: घाम, तेल, रोजचं अंगावरचं, हे मशीन चांगलं धुतं, न कोंबता भरलं तर. माती नाही धुत. काजूची_बी म्हणते तसं गुडघ्याला ब्रश मारून टाकलेले लेंगे या आठवड्यात बरे निघाले आहेत. पावडर मी अर्ध्यावर आणली आणि पंचे अंगाला खाजायचे थांबले, ही तक्रार ह्यांनी इतकी वर्षं मला सांगितलीच नव्हती.

आता पाण्याचं काय करू? विहीर मे महिन्यात पिण्यापुरतीच असते. आणि त्या आठ चादरी?

पाना_पक्कड, २७ एप्रिल

भरलं मशीन धुणं आणि दोन खळबळी धरून शंभर-सव्वाशे लिटर घेतं. त्यामुळे पाचशे लिटरची एक जुनी टाकी बाजूला लावा, फक्त धुण्यासाठी. बोअरचं पाणी त्यात सरळ पाइप बुडवून सोडू नका. वरून फवाऱ्यासारखं पडू दे, पाइपला टोकाशी भोकं पाडा, हवा जितकी लागेल तितकं लोखंड लवकर बसेल. रात्रभर ठेवा. मशीनचा नळ तळापासून एक फूट वर जोडा, आणि तळाला वेगळा कॉक, आठवड्याला गाळ सोडायला. टाकीचं झाकण घट्ट, डास होतात. लोखंड फारच असेल तर मग त्याचा फिल्टर मिळतो, पण आधी हे करून बघा, खर्च नाही.

मशीनचा ड्रमही एकदा साफ करा. आतल्या-बाहेरच्या ड्रमच्या मधे साबणाचा आणि गंजाचा थर बसलेला असणार, तो पापुद्र्यांनी कपड्यावर येतो. बंबातलं पाणी हाताला सोसेल इतकं गरम करून पूर्ण भरा, टब क्लीनची पावडर घाला, तासभर भिजू द्या, मग फिरवा. आणि मशीन फरशीवरून उचलून स्टँडवर घ्या. खारी हवा, ओली जमीन, पत्रा खालून जातो. पावसाआधी मागचा तळ जाळीने बंद करा, उंदीर ऊब शोधत येतात आणि वायरी खातात. जून-जुलैत माझी निम्मी कामं तीच असतात.

निवृत्त_मास्तर, २८ एप्रिल

चादरींसाठी ऑक्झॅलिक ॲसिड. हार्डवेअरच्या दुकानात पांढरे खडे मिळतात. ते लोखंडाला विरघळवून पाण्यात आणतं. पण विष आहे, हातमोजे घाला, प्लास्टिकची बादली घ्या, पोरं-गुरं दूर. मशीनमध्ये नाही, बादलीतच. नंतर तीन पाण्यांतून काढा, विहिरीच्या. एकच चादर असेल तर लिंबू आणि मीठ लावून उन्हात ठेवणंही पुरतं. आणि ब्लीचचा थेंबही त्या बादलीत जाऊ देऊ नका, ॲसिड आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो.

मागीलदार, १२ मे

टाकी बसली. पडवीवर नाही, मागच्या चढावर चार जांभ्याचे चिरे रचून त्यावर, त्यामुळे प्रेशरचंही काम झालं. कॉक सोडला की लाल पाणी सुपारीच्या आळ्यात जातं.

आठांपैकी पाच चादरी निघाल्या. अगदी कोऱ्या नाहीत, पण पाहुणीने बाजूला बोलावू नये इतक्या. ज्या तीन मी ब्लीचमध्ये घातल्या होत्या त्या नाही निघाल्या. त्या फाडून पायपुसणी शिवली.

काजूची_बी, १२ मे

आणि धोतराचा चार नंबरचा तुकडा?

मागीलदार, १३ मे

तो आई देवाची भांडी पुसायला घेऊन गेल्या. दोन नंबरचा त्यांनी मला दिला, मशीन पुसायला.